पेट्रोलचा वास

अरुणानं पिशवी दारातच टाकली, धावत आत गेली आणि अरविंदच्या हातावर जोरात फटका मारला. काडी अजून ओढलेली नव्हती. काडेपेटी उडून मोरीत पडली.

"अहो, वेड लागलंय का? सगळ्या घरात पेट्रोलचा वास सुटलाय!"

अरविंद शेगडीपुढे तसाच उभा राहिला. दुपारच्या शिफ्टला निघायच्या आधी त्याला चहा लागत असे. भांडं चढवून तो गॅस पेटवणार, एवढ्यात ती आली होती.

"पंख्याच्या बटणाला हात लावू नका," म्हणत तिनं सिलिंडर बंद केला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. वास मागून येत होता. वाशीच्या त्या बैठ्या घराच्या मागच्या अंगणात पत्रे टाकून त्यांनी एक खोली काढली होती. तिथं विलासची, तिच्या धाकट्या भावाची, पाण्यावरून पळणारी स्कूटर ठेवलेली होती. शहाऐंशी साली कुवेतहून परत येताना त्यानं ती हौसेनं आणली, समुद्रात, मोरा बंदराकडे चार-सहा वेळा पळवली आणि पाऊस लागल्यावर बहिणीच्या घरी आणून टाकली. आता पाऊस सरला होता. अरुणा पनवेलला आईकडे गेली असताना तो येऊन टाकी भरून गेला होता. रविवारी पुन्हा पाण्यात उतरवायचा त्याचा बेत होता.

तिनं ताडपत्री ओढली. उंदरांनी टाकीची रबरी नळी कुरतडली होती. थेंब थेंब गळलेलं पेट्रोल फरशीवरून पसरत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागलं होतं.

दोघांनी मिळून ती स्कूटर ढकलत मागच्या मोकळ्या जागेत नेली. फरशीवर वाळू टाकली. अरुणानं नाकाला पदर लावला होता, तरी ती पुन्हा पुन्हा तोंड फिरवत होती. अरविंद मात्र टाकीवर वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन नळीला चिंधी बांधत होता. कपाळाला साधी आठी नव्हती.

"तुम्हाला वास आला नाही?"

"सर्दी झालीय."

"आवाज तर स्वच्छ आहे."

ती आत गेली आणि मूठ झाकून परत आली.

"डोळे मिटा."

"अरुणा, मला उशीर होतोय."

"मिटा म्हणते ना."

त्यानं डोळे मिटले. तिनं हिंगाची डबी उघडून त्याच्या नाकाशी धरली. तो लांब श्वास घेत राहिला, बराच वेळ.

"वेलदोडा," तो म्हणाला.

अरुणाला श्रावणातली आंबलेली आमटी आठवली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली होती, वर आणखी वाढून घेतली होती. जेवणावरून कुरकुरणारा नवरा आता निवळला, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

"कधीपासून?"

"मे महिन्यात प्लांटवर पाइप फुटला होता ना? तोंडावर रसायनाचा फवारा आला. डोळे आठवड्यात बरे झाले." त्यानं चिंधीची गाठ आवळली. "नाक नाही झालं."

"आणि सांगितलं नाहीत कुणाला?"

"सांगून काय होणार? प्लांटवरून काढतील. गेटवर बसवतील, नाहीतर घरी."

"पावण्याच्या कारखान्यात एवढे पाइप तुमच्या ताब्यात. कुठं गळलं तर कळतं कशावरून?"

"गळती दाखवणारे मीटर आहेत."

"बंद पडलेत म्हणाला होतात."

अरविंदनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"बाकीच्यांना येतो की वास," तो म्हणाला. "मी त्यांच्या तोंडाकडे बघतो."

अरुणा पायरीवर बसली.

तेवढ्यात बाजीरावची हाक आली. पलीकडच्या गल्लीत राहणारा, अरविंदच्याच हाताखाली काम करणारा माणूस. कंपनीच्या गाडीपर्यंत दोघं रोज बरोबर जात.

"चला अरविंदभाऊ! वहिनी, काय सांडलं ओ? पार रस्त्यापातुर वास सुटलाय."

अरविंदनं खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला. डब्याची पिशवी घेतली. अरुणा उठून पुढच्या दारात उभी राहिली. ती बाजूला झाली नाही.

अरविंदनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून बाहेर बघत तो म्हणाला, "बाजीराव, मला वास येत नाही."

"एवढ्या वासात?" बाजीराव हसला. "नाक कुठं गहाण टाकलंत का काय?"

दुसरं कुणी हसलं नाही.

"कसलाच येत नाही. मे महिन्यापासून. आज साहेबांना सांगणार आहे."

बाजीरावचं हसू विरत गेलं. त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. एकदा अरुणाकडे बघितलं, एकदा अरविंदकडे.

"पन परवा आपन प्लांटवरची टाकी साफ केली," तो सावकाश म्हणाला. "उतरायच्या आदी मी इचारलं तुमाला, वास हाय का म्हनून. तुमी वाकून हुंगलंत. म्हनालात, काय नाय, उतर."

अरविंदनं डब्याची पिशवी खाली ठेवली.

"मी उतरलो. आन् मागनं माझ्या धाकट्या भावालाबी हाक मारली," बाजीराव म्हणाला. "त्यो भीत होता. म्हटलं, ये बिनघोर, अरविंदभाऊंनी बघितलंय."