बिल्ला नंबर एकशे सतरा

"पर्पेट्रेटेड." आबाजी मास्तरांनी चष्मा पुसला आणि कबुलीचा इंग्रजी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"म्हंजी काय, मास्तर?"

मास्तरांनी पुठ्ठा निघालेला इंग्रजी कोश उघडला.

अर्थ. केलं. पण चांगलं काही केलं तर हा शब्द नाही. गुन्हा, घात, पाप केलं तरच.

उपयोग, हातातल्या कागदावरचा. चार मार्च एकोणीसशे छप्पन. पिंपरीच्या कारखान्यात भैरूने, बिल्ला नंबर एकशे सतरा, घंटा न वाजवता वाफ सोडली. टाकीत उतरलेले बबनराव फिटर भाजून मेले. कृत्य भैरूचे. अंगठ्याची जागा खाली, अजून कोरी.

समोरच्या माणसाने सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली. त्याच्या मांडीवर भाकरीचं फडकं होतं.

"भैरू, तोंड किती उतरलंय तुझं! आधी दोन घास खाऊन घे."

"ही भाकर माझी न्हाई."

मग तो हळूच म्हणाला, "बिल्ला एकाचा आन् हात दुसऱ्याचा असंल, तर ह्यो शबुद कुणाला लागतो?"

"म्हणजे?"

"जमीन गेली तवा घरटी एकच नोकरी दिली. आमी दोघं जुळं भाऊ. एक आठवडा ह्यो जातो, एक आठवडा त्यो. बिल्ला तोच. गेटावर तोंड कोण बघतंय?"

मास्तरांनी कोश मिटला. "त्या दिवशी कोण होतं?"

"ज्योतीराम."

"अरे, मग तसं सांग की! ज्याच्या हातून घडलं त्याला शब्द लागतो. बिल्ल्याला नाही."

"सांगितलं तर?"

"ज्योतीराम तुरुंगात जाईल. आणि कंपनीला फसवलं म्हणून नोकरीही जाईल, दोघांची."

"आन् न्हाई सांगितलं?"

"मग कागदावर ज्याचं नाव, तो भोगेल."

त्याने भाकरीच्या फडक्याची गाठ घट्ट केली.

"ज्योतीरामला तीन पोरं हायेत, मास्तर."

मास्तरांचे डोळे भरून आले. "भावासाठी एवढं कोण करतं रे, भैरू?"

 कागद घडी करून त्याने फडक्यात खोचला आणि उठला.

चिंचवडच्या चौकीत शिपायाने भाकरी उलगडून पाहिली, मग त्याला कोठडीपाशी सोडलं. गजांमागचा माणूस धडपडत उभा राहिला.

"काय म्हणालं मास्तर? सुटंन का मी?"

ज्योतीरामने बाहीखालच्या भाजलेल्या हाताने कागद गजांतून आत सरकवला.

"सुटशील, भैरू. हितं अंगठा दे."