रडकीची झाडी

रडणं सुरू झालं तेव्हा प्रफुल्ल झाडीत वीस पावलं आत आला होता.

भरदुपार होती. पण जांभळं आणि करंजं इतकी दाट की ऊन वरच अडलं होतं. आधी एक लांब हुंदका आला. मग त्याच्यावर दुसरा, जरा बारीक. एखादी बाई तोंडात पदर कोंबून रडते तसा. प्रफुल्लचे पाय जागीच थांबले. हातातली पिशवी त्यानं छातीशी धरली. पिशवीत मालनबाईच्या मृत्युपत्राचा कागद होता.

"काहून थांबला?" पुढून मालनबाई म्हणाली. ती त्याची मोठी माय, वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मागच्या वर्षी शेताच्या धुऱ्यावरून घसरून पडल्यापासून ती काठी टेकत, लंगडत चालायची.

"मोठी माय, परत चाल. मोहाडीचं रजिस्ट्रीचं ऑफिस बंद होऊन जाईन."

"बारा वाजून राहिले आत्ता. गुरुजी आहेस न तू? घड्याळ येते न पाहता?"

प्रफुल्ल ओशाळला. भूत नसतं, हे तो दरवर्षी वर्गात शिकवायचा. त्यांच्या घरात तर छप्पन सालापासून ना देव होते ना भुतं. मोठी माय रोज सकाळी वंदना घ्यायची, पंचशील म्हणायची. चौथ्या शीलापाशी तिला हमखास खोकला यायचा. बाकीची चारही शीलं स्वच्छ. लहानपणी तो त्या खोकल्याची नक्कल करायचा आणि मार खायचा.

पण झाडीत रडकी होती. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा निघाला, त्या वर्षी चोरून झाडं तोडायला आलेली माणसं कुऱ्हाडी टाकून पळाली होती. नऊ वर्षांचा प्रफुल्ल त्या कुऱ्हाडी पाहायला गेला. त्यानं हेच रडणं ऐकलं आणि ओल्या चड्डीनं घरी आला. तलावात बुडालेली कोणाची तरी सून आहे, झाड तोडलं की ती त्याच्यामागं घरापर्यंत येते, असं मालनबाईच्या नवऱ्यानं, मोठ्या बाबांनी तेव्हा गावभर सांगितलं होतं. त्यानंतर वीस वर्षांत झाडीतली एक फांदीही कोणी तोडली नव्हती.

मोठ्या मायला मूल नव्हतं. तिच्यामागं झाडी प्रफुल्लचीच झाली असती. लाकडाचा आणि मुरमाचा धंदा करणारा टेकचंद तेवढ्याचीच वाट पाहत होता. एकदा जागा गुरुजीच्या नावावर आली की विकत घेऊन, सारं तोडून, खोदून सपाट करतो, म्हणजे रडकीही जाईन, असं तो हसत म्हणायचा. पण मागच्या महिन्यात मोठ्या मायनं जाहीर केलं, "घर तुले, धानाची बांधी तुले. झाडी गावच्या मच्छीमार संस्थेले. झाड तोडाचं नाई, माती काढाची नाई." प्रफुल्लला राग आला नाही. सुटल्यासारखं वाटलं. आपली हरकत नाही अशी सही करायला तो लगेच तयार झाला. ती म्हणाली, "सहीच्या आधी जागा डोळ्यानं पाहून घे."

आता तेच नको होतं. पण मागं एकट्यानं फिरायचीही हिंमत होईना. तो तिच्या पाठोपाठ गेला.

आत जमीन ओली होती. दगडांखालून पाण्याची बोटभर धार निघून तलावाकडे जात होती. "हे भर उन्हाळ्यातबी चालू राहते," मोठी माय म्हणाली. "झाडं गेले का हे गेलं. मंग तलावही गेला."

तेवढ्यात तलावावरून वारा आला. रडणं थेट डोक्यावर सुरू झालं. प्रफुल्लनं डोळे गच्च मिटले. मान आखडली.

काठी खोडावर वाजली. "वर पाह्य."

"नाई."

"पाह्य म्हणतो न, बाबू."

त्यानं डोळे उघडले. जांभळाच्या फांद्यांच्या दुबेळक्यात तारेनं बांधलेल्या दोन सुरया होत्या. तोंड वाऱ्याकडे, बुडाला भोक. वारा थांबला, रडणं थांबलं.

त्याला आंधळगावचा बाजार आठवला. घरात फ्रिज आल्यावरही मोठी माय दरवर्षी तिथून दोन सुरया आणायची. दुसऱ्या दिवशी त्या घरात दिसायच्या नाहीत. फुटल्या म्हणायची.

"तुये मोठे बाबा बांधाचे. ते गेल्यावर मी," ती म्हणाली. "मागच्या साली शिडीवरून पडली, धुऱ्यावरून नाई. एक सुरई तडकली आता. आवाज बारीक होऊन राहिला."

"मंग मोहाडीले कायले जाऊन राहिलो आपण? कागद कायले?"

"कागद पाहिजेच. पण टेकचंद कागदाले भेते का? तो रडकीले भेते."

प्रफुल्ल कितीतरी वेळ वर पाहत राहिला. मग तिच्यासोबत मोहाडीला गेला आणि त्यानं सही केली.

पावसाळा संपता संपता मोठी माय गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सारं गाव अंगणात जमलं. टेकचंद प्रफुल्लच्या बाजूला येऊन बसला. तोंड कानाशी नेऊन म्हणाला, "गुरुजी, संस्थेच्या लोकायचं मी पाहून घेतो. फक्त एक सांगा. ते रडणं आता थांबलं न जी?"

"थांबते कायचं, टेकचंदभाऊ. मोठं झालं. परवा मले तर ती दिसली."

"दिसली?"

"तुमचंच नाव इचारून राहिली होती."

टेकचंदनं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. तेवढ्यात भंतेजींनी हात जोडले. सगळ्यांनी हात जोडले. अंगणभर पंचशीलाचा एकच आवाज घुमू लागला. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

'मी खोटं बोलणार नाही' या चौथ्या शीलापाशी प्रफुल्लला खोकला आला.