आवाजाचे चौकोन

"जेवला का रे, कुशल?" कुंदाबाईंनी पलीकडच्या खोलीतून विचारलं.

पुष्पांजलीने माउस पडद्यावरच्या हिरव्या चौकोनावर नेला आणि दाबला.

"जेवलो ना आई. तू जेवली का?" स्पीकरमधून कुशलचा आवाज आला.

"मी का उपाशी राहीन? सून आहे ना घरात. तुहा पाय दुखत होता, तो दुखाचा राहिला का आता?"

पुष्पांजलीचा हात अडला. पायासाठी चौकोन नव्हता. तिने पिवळा दाबला.

"काम आहे आई, मग बोलतो."

मग कुंदाबाई म्हणाल्या, "बरं बापा. कर काम."

हे चौकोन मुळात कुशलचेच. केशोरीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं छोटं दुकान होतं, आणि घरच्या कॉम्प्युटरवर असली पॅनेलं बनवायचा त्याला भारी नाद. एक चौकोन दाबला की भजन लागायचं, दुसऱ्याने वीजबिल उघडायचं, तिसऱ्याने शेतावरची मोटर सुरू व्हायची. रंग, नाव, जागा, मनाला येईल तेव्हा बदलायचा. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे सगळी धडपड आईसाठी. कुंदाबाईंना माउस काही धरता आला नाही. सून पुष्पांजली मात्र बघून बघून शिकली.

पुढे तो रायपूरला नोकरीला लागला, आणि उन्हाळ्यात तिथेच ट्रकखाली सापडून गेला.

तेव्हा कुंदाबाई नागपूरच्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन होऊन पडल्या होत्या. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यांचे दीर भैयाजी यांनी सगळं परस्पर आटोपलं आणि गावाला गप्प राहायची शपथ घातली. पुष्पांजलीने कुशलने फोनवर पाठवलेले जुने आवाज काढले, कापले आणि एकेक वाक्य एकेका चौकोनात बसवलं. हिरवा जेवणाचा, पिवळा कामाचा, निळा औषधाचा आणि लाल दिवाळीला येतो म्हणायचा. कुशल रायपूरहून कॉम्प्युटरवरून बोलतो, असं सासूला सांगितलं.

गावाचं तोंड कोण धरणार म्हणतात, पण केशोरीने ही मूठ झाकूनच ठेवली.

सासूसमोर वावरायचं म्हणून पुष्पांजलीचं कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं तसंच राहिलं. बाहेर बायका तिच्या कपाळाकडे बघत आणि मान फिरवत. हे सगळं सासूसाठी चाललंय की आपल्यासाठी, हे तिचं तिलाही कळेनासं झालं होतं. चौकोन दाबला की तो बोलायचा. खरं सांगायचं तर तिला तेवढंच हवं होतं.

"दिवाळी झाली का वहिनीले सांगून टाकू," भैयाजी एका सकाळी अंगणात हळूच म्हणाले. "आन् तुले बोदलकशाले पोहचवून देतो. तुह्या भावाशी बोलणं झालं माह्यं."

"काकाजी, मले नाई जाचं."

"कायले राहतं? लेकरू ना बाळ. इथं आता कोण आहे तुह्यं?"

पुष्पांजलीच्या माहेरी, बोदलकशाला दोन भाऊ होते, दोन भावजया होत्या आणि तिच्यासाठी स्वयंपाकघरामागची एक अंधारी खोली होती. इथे निदान तिला कोणी सून म्हणत होतं.

धान कापून झालं. दिवाळी आली आणि गेली. लाल चौकोन तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकला. पडद्यावर तेवढी जागा रिकामी राहिली.

मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी भैयाजी आले. कुंदाबाई बाजेवर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. पुष्पांजली दाराला टेकून उभी राहिली.

"वहिनी, जरा मन घट्ट करा," भैयाजी म्हणाले. "आपला कुशल..."

"मालूम आहे मले." कुंदाबाईंचा सुपातला हात थांबला नाही. "दवाखान्यातून आली त्याच आठवड्यात समजलं. तो बोलाच्या आधी बाजूच्या खोलीत टिक वाजे. पायाचं विचारलं तर कामाचं सांगे. माय होय मी. जित्या पोराचं बोलणं मले समजत नाई का?"

भैयाजींनी विचारलं, "मग बोलल्या काऊन नाई?"

"मी रडली असती तर इचं कुंकू पुसलं असतं तुमी. मी विचारत राहिली म्हणून ते राहिलं. माह्यं पुसलं तवा मी इच्याच वयाची होती." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पुष्पा कुठं जात नाई. शेतातली धानाची बांधी इच्या नावावर करून राहिली मी. जा आता तुमी, मंडई पाहा."

बातमी सांगायला आलेले भैयाजी बातमी ऐकून गेले.

पुष्पांजलीने सासूच्या मांडीवर डोकं टेकलं आणि उन्हाळ्यापासूनचं सगळं रडून घेतलं. कुंदाबाईही रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तिचं तोंड पुसलं.

"एक गोष्ट मात्र मले नाई आवडली, पोरी," त्या जरा रागानेच म्हणाल्या. "मी तुले ठेवलीच असती. सांजेले तू गोठ्यात दूध काढाले गेली का रोज त्याचा तो आवाज लावून जात होती, ते कायले? ‘आई, पुष्पाले जाऊ देऊ नको. आई, पुष्पाले जाऊ देऊ नको.’ तुले का माह्यावर भरोसा नव्हता?"

पुष्पांजलीने डोकं वर केलं. असलं वाक्य कुशलच्या एकाही जुन्या आवाजात नव्हतं. आणि सांजेला गोठ्यात जाताना, शेजारच्या पोरांनी येऊन भलताच चौकोन दाबू नये म्हणून, ती कॉम्प्युटर बंद करून त्याची वायर काढायची आणि सोबत घेऊन जायची.