दुसरी बादली

“पाणी लय थंड होतं का रे, हिंमत?”

झुंबरबाईने तिसऱ्यांदा विचारलं. हिंमतरावाने पुन्हा मान खाली घातली. वरवट बकालच्या त्या अंगणात न्हाणीपाशी गंगाळभर पाणी वाफाळत होतं. उकंडा समुद्रात बुडाला त्याला वर्ष झालं, तरी त्याची माय झुंबरबाई रोज सकाळी त्याच्या नावाने पाणी तापवून ठेवायची. त्या पाण्याने कोणी आंघोळ करत नव्हतं. हिंमतरावाला तिकडे बघवेना.

त्रेसष्ट साली हिंमतराव आणि उकंडा एकाच जहाजावर खलाशी होते. समुद्राचं तापमान मोजणारं जहाज होतं ते. उकंडा बादलीने पाणी वर ओढायचा. हिंमतराव मॅट्रिक झालेला, म्हणून थर्मामीटर त्याच्या हातात, आणि त्याचा तोरा काय विचारता! चार महिने आकडा एकोणतीसच्या आसपास होता. मग एका दुपारी वादळ आलं आणि चार तासांत निघूनही गेलं. लख्ख ऊन पडलं. उकंड्याने बादली ओढली, तर आकडा सव्वीस.

“काऊन बे, नीट नाही काढलं पाणी? पुन्हा टाक बादली,” हिंमतराव डाफरला. लाटा अजून मोठ्या होत्या. उकंडा कठड्यावरून वाकला तो गेलाच.

बंदरात एका शास्त्रज्ञाने हिंमतरावाची आकड्यांची वही पाहिली. आकडा बरोबर होता. वादळ थोड्या वेळाचं असलं तरी समुद्र घुसळून खालचं गार पाणी वर आणतं आणि ते कितीतरी दिवस तसंच राहतं. दुसऱ्या बादलीची गरजच नव्हती.

हे हिंमतरावाने कोणालाच सांगितलं नव्हतं. लाटेने नेलं, एवढंच गावाला ठाऊक. झुंबरबाई तर त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. खरं सांगितलं की हे दार कायमचं बंद होणार. न सांगावं तर तिच्या हातची भाकर घशाखाली उतरत नव्हती.

“थंड होतं, काकू,” तो म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. “त्याले दुसऱ्यांदा मीच धाडलं. मले समजलं नाही.”

हिंमतराव उठून चपला शोधू लागला.

“बस,” ती म्हणाली. “त्याले लहानपणापासून पाण्याचं भेव. विहिरीतबी उतरला नाही कधी. ‘जहाजावर जात नाही’ म्हणत दोन दिवस जेवला नव्हता. दुसऱ्यांदा तू धाडलं रे बापा. पह्यल्यांदा मीच धाडलं होतं.”