बिनआवाजाचा तास

तिसरीत त्रेपन्न मुलं आणि आठवड्यातून संगीताचा एकच तास. वाघुलदेबाई महिनाभर टाळ्यांवर ताल शिकवत होत्या, पण पहिली टाळी काही एकत्र पडत नव्हती.

आजही टाळ्या सुरू होताच मुख्याध्यापिका दारात आल्या. "बाई, शेजारी शिष्यवृत्तीची सराव परीक्षा चालू आहे. आवाज नको."

"मॅडम, मागचे दोन तासही असेच गेले."

"मग चित्रं काढायला द्या."

त्या गेल्या. पाठाच्या टाचणाची वही मिटून बाई मुलांना म्हणाल्या, "आता टाळी नाही. फक्त एक बोट तळव्यावर टेकवायचं. आवाज आला, की पुन्हा पहिल्यापासून."

मुलं श्वास रोखून एकमेकांच्या हातांकडे बघू लागली. चौथ्या खेपेला त्रेपन्न बोटं एकाच क्षणी टेकली. मग पुन्हा. आणि पुन्हा.

तास संपायला पाच मिनिटं असताना मुख्याध्यापिका परत डोकावल्या. "छान शांत बसवलीत हो. नाहीतरी रिकामाच जातोय, तर पुढच्या आठवड्यापासून हा तास गणिताला देऊ."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आधी बसा, मॅडम. हा तास तुम्ही अजून बघितलेलाच नाही."