सोडून दिलेली चाल

टक्! प्यादं फरशीवर पडलं आणि दुपारची शांतता मोडली. धाकटी समोर पट मांडून लॅपटॉपशी बुद्धिबळ खेळत होती, मी थोरल्याची क्लासची बॅग भरत होते. बुद्धिबळाच्या क्लासला एकालाच घालणं जमणार होतं, म्हणून मी दोघांचा डाव लावला होता. हिनं सुरुवातीलाच वजीर घालवला आणि मी तिथूनच उठून फॉर्मवर दादाचं नाव लिहिलं.

“आई, लॅपटॉप सगळ्या चाली बघतो?”

“छे गं, म्हातारा होईल बिचारा! वरवर वाईट दिसतात त्या सोडतो. बऱ्या वाटतात तेवढ्याच खोलवर बघतो.”

“सोडलेल्यात एखादी भारी असली तर?”

“हुकली. त्याला कळतसुद्धा नाही.”

तिनं प्यादं उचलून जागेवर ठेवलं.

 

“आई, मी वजीर दिला ना, त्याच्या पुढचा डाव तू बघितला होतास?”