अकरावा दात

रिकाम्या खोक्यावर छापलं होतं: ११–४१.

मिस्त्रीने चष्मा कपाळावर सारला, परत नाकावर ओढला. हातात ट्रकच्या मागच्या एक्सलमधून काढलेलं जुनं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चक्र, होतं. भंगारात जायचं, म्हणून नव्याच्या खोक्यात टाकायला गेला होता. एवढंच. पिनियनच्या तोंडावरचं ग्रीस त्याने अंगठ्याने पुसलं.

१०–४१.

त्याने दात मोजले. दहा. उलट बाजूने मोजले. दहाच.

एक्केचाळीस त्याने परवाच मोजले होते. जुन्या मोठ्या चक्राचे आणि नव्या मोठ्या चक्राचे, दाताला दात खडू लावून. जुळले. त्यात फिरणारं छोटं पिनियन जोडीनेच येतं. मोठं जुळलं की छोटं मोजायचं कशाला? तीस वर्षं मोजलं नव्हतं. तीस वर्षं जुळत आलं होतं.

म्हणजे नवी जोडी बसवल्यावर आता ट्रकच्या मागच्या चाकांना अकरा दात. पुढच्यांना दहा. पुढची चाकं दहा पावलं टाकतील तेवढ्यात मागची अकरा.

नुसती मागची चाकं ओढत असतात तोवर कुणाला पत्ता लागत नाही. पुढची आपली मोकळी फिरतात. पण फोर-व्हीलचा दांडा ओढला की चारही चाकं एकमेकांना बांधली जातात. चिखलात ते अकरावं पाऊल घसरून जिरतं. खडकावर जिरत नाही. मधली गिअरची पेटी सोसते, सोसते आणि फुटते. किंवा फुटायच्या आधीच एखाद्या वळणावर मागची चाकं पुढच्यांना ढकलतात आणि गाडी, स्टिअरिंग फिरवलेलं असताना, सरळ

काल त्याने स्वतः चालवून पाहिली होती. पाच किलोमीटर. लोण्यासारखी. फोर-व्हील टाकून मात्र पाहिली नाही. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकायची नाही, हा या गॅरेजचा नियम. भिंतीवर लिहिलाय. त्याच्याच अक्षरात.

धाकटा भाऊ पहाटे पाचला ट्रक घेऊन निघाला. मागे डिझेलची बारा पिंपं, डोंगरावरच्या खाणीसाठी. आता साडेदहा.

फोन लागला नाही. मग मिस्त्रीने बोटं पुसून लिहिलं.

फोर-व्हील टाकू नको.
एक टिक.

टाकली असशील तर आहेस तिथे थांब.
एक टिक.

गाडी मरू दे. चालत ये.
एक टिक.

डांबर जिथे संपतं तिथे एक दुकान आहे. त्याच्या पुढे चौदा किलोमीटर नुसता दगडी घाट. दुकानदाराने फोन उचलला.

"तुमचा भाऊ? गेला की! अर्धा तास झाला. चार अंडी हाणली, चहा घेतला. म्हणाला, दादाने गाडीचा घोडा करून दिलाय."

"त्याच्या मागे पाठवा कुणाला तरी. आत्ताच्या आत्ता."

"कुणाला पाठवू, मिस्त्री? आज वर तुमची एकटीच गाडी. माझ्याकडे सायकल आहे, तिला चेन नाही." तो हसला. मग हसायचा थांबला. "का हो? काय झालं?"

"वरून कुणी खाली येणार आहे?"

"परवा."

मिस्त्रीने फोन ठेवला.

आवाज येईल, त्याने स्वतःला सांगितलं. दांडा ओढला की खालून कण्हल्यासारखा आवाज येईल, स्टिअरिंग जड होईल. कळेल त्याला. गाढव थोडाच आहे. थांबेल, खाली वाकून बघेल, शिव्या घालेल

पण काल किल्ली देताना आपणच म्हणालो: नवं काम आहे, आठवडाभर कुरकुरेल. तिकडे लक्ष देऊ नकोस.

मग एकच गोष्ट उरली. भाऊ आजवर कुणाचं ऐकत आला नव्हता. घाट लागला की फोर-व्हील टाक, हे सांगून सांगून मिस्त्रीच्या घशाला कोरड पडली, आणि हा पठ्ठ्या आठ वर्षं मागच्या दोन चाकांवर गाडी रेटत होता. का, तर डिझेल जास्त जळतं. वर पुन्हा, "चालवणारा मी आहे. तू तुझे पाने फिरव." या वाक्यापायी मिस्त्रीने एकदा त्याच्या थोबाडीत दिली होती, भर गॅरेजात, चार गिऱ्हाइकांसमोर.

"चालवणारा तूच आहेस," मिस्त्री आता रिकाम्या गॅरेजात मोठ्याने म्हणाला. "तूच आहेस, बाबा. माझं काय ऐकतोस?"

"कुणाशी बोलताय, दादा?"

भावजय वरच्या खोलीतून जिना उतरून आली होती. ओले हात पदराला पुसत.

"यांचा फोन आला?"

"रेंज नाही."

"म्हणजे घाटाला लागले." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "एवढी कसली काळजी करताय? या खेपेला तुमचं ऐकणार आहेत ते."

मिस्त्रीने झटकन वर पाहिलं.

"खरंच! निघताना मी आडवीच उभी राहिले. पोरीची शपथ घातली. म्हटलं, डांबर संपलं की दांडा ओढायचा आणि खाण येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दादा काय वेडे म्हणून सांगतात का? आधी हसले. मग पोरीकडे बघितलं आणि हो म्हणाले." ती हसली. "आठ वर्षं तुम्हाला जमलं नाही, मी दोन मिनिटांत केलं."

"बरं केलंस," मिस्त्री म्हणाला.